एका हाताने उघडणारी पेटी

गुजरीतले सराफ दागिना विकतात, पण तो दागिना ज्या पेटीत बसून गिऱ्हाइकाच्या घरी जातो ती पेटी कुणीतरी करावी लागते. शाहूपुरीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत बसून ती मी करते. धंदा मूळचा सासऱ्यांचा. लग्न होऊन आले तेव्हा मला पुठ्ठासुद्धा सरळ कापता येत नव्हता. मी कापलेला पहिला पुठ्ठा डोळ्यांसमोर धरून सासरे म्हणाले होते, "ही रेघ दारू पिऊन आलीया काय?" त्या रागात मी शिकले. आयुष्यातल्या बहुतेक गोष्टी मी रागातच शिकले आहे.

साजाची लांबट पेटी, ठुशीची गोल, नथीची इवलीशी डबी. बाहेरून लाकूड नाहीतर पुठ्ठा, आत मखमल, पुढे पितळी कडी. पेटी उपडी करून हलवली तरी दागिना जागचा हलता कामा नये, हा सासऱ्यांचा पहिला धडा, आणि मखमलीशिवाय पेटी म्हणजे नागडी पेटी, हा दुसरा. दोन्ही धडे माझ्या अंगात इतके मुरले होते की त्यांच्यावर कधी शंका घ्यावी असं वाटलंच नाही. त्यांनीच पुढे माझी फजिती केली.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, शिवाजी पेठेत राहतो. एकेकाळी तिथेच त्याचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. नाणं टाकून खेळायची मशीन, भिंतीकडेला डबा टीव्ही, आणि फुटबॉलची मॅच सुटली की चिखलाच्या पायांनी आत घुसणारी सगळी पेठ. टीव्हीला जोडलेल्या गेमच्या सेटमध्ये वरून कॅसेट खुपसायची आणि खेळायचं. गाण्याची ती कॅसेट आणि गेमचीही कॅसेटच. तळहाताएवढी चपटी प्लास्टिकची डबी, कुठली पिवळी, कुठली काळी, खालच्या तोंडात बारीक सोनेरी पट्ट्या. नाण्याच्या मशीनमध्ये बसायच्या त्या कॅसेट याहून कितीतरी मोठ्या, जाडजूड पुस्तकाएवढ्या. मोबाइल आला, पोरं यायची थांबली, दुकान बंद पडलं. मशीन भंगारात गेल्या आणि दादा पंखे-मिक्सर दुरुस्त करू लागला. कॅसेट मात्र त्याने एकही दिली नाही. सगळ्या एका पोत्यात भरून माळ्यावर टाकल्या.

मग दादाला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय पुढे थोडाफार सावरला, हात नाही. आणि बोलणं गेलं. अगदी सगळं नाही, एक शब्द राहिला. व्हय. चहा पाहिजे का? व्हय. चहा नको का? व्हय. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, पण मनातला शब्द तोंडापर्यंत येत नाही, त्याच्या जागी हा एकच बाहेर पडतो. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि घरी येऊन पुन्हा त्याच्या व्हयवर विश्वास ठेवू लागलो. सगळ्यांच्या सोयीचा शब्द होता तो.

एकदा न्हावी घरी आला. "मिशी बारीक करू?" "व्हय." "का काढूनच टाकू? जेवताना तरास हुतोय न्हवं?" "व्हय." दुकानात बसून ज्या मिशीवर दादा दिवसातून दहादा हात फिरवायचा ती बघता बघता खाली पडली. आरशात बघून दादाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि न्हावी कौतुकाने म्हणाला, "बरं वाटतंय न्हवं आता?" "व्हय." वहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा मी आधी हसले आणि मग मोरीत जाऊन रडले. घरच्या माणसाचं असं होताना बघून मला राग कुणावर काढावा तेच कळेना.

व्यायाम घ्यायला एक बाई यायच्या. त्यांनी स्पष्टच सांगितलं की डावा हात धडधाकट आहे, पण यांना काही करावंसंच वाटत नाही. आपण होऊन एक तरी गोष्ट करू देत, नाहीतर आहे तेही जाईल. दादा दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा. वहिनी त्याला भरवायच्या, बटणं लावायच्या, चॅनेल बदलायच्या. तो चिडत नव्हता, भांडत नव्हता. ज्या माणसाने माझ्याशी लहानपणी रोज भांडण काढलं त्याचं ते गप्प बसणं मला बघवायचं नाही.

दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी माळ्यावरून पोतं खाली काढलं आणि दादा खुर्चीतून उठला. कुणी उठवलं नाही, आपला आपण उठला. सेट अजून चालत होता. डबा टीव्हीही वहिनींनी मसाल्याच्या डब्यांसाठी टेबल म्हणून ठेवला होता, तोही लागला. पण एका हाताने पोत्यातून कॅसेट काढायची कशी? पोत्याचं तोंड धरलं तर हात आत कसा घालणार, आणि हात घातला तर पोतं कोसळणार. सगळ्या कॅसेट फरशीवर पसरल्या. वहिनींनी चटकन एक उचलून सेटमध्ये लावून दिली. दादाने जॉयस्टिक खाली ठेवली आणि परत खिडकीत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशीही तेच.

मला त्याचा अर्थ लागला, कारण तो हट्ट आमच्या घरचाच आहे. त्याला गेम नको होता. गेम आपल्या हाताने लावायला हवा होता. कॅसेट निवडायची, काढायची, लावायची, परत ठेवायची, आणि मधे कुणी येता कामा नये. ही एक गोष्ट त्याला जमली तर तो खुर्चीतून उठेल, नाही जमली तर तिथेच बसून राहील, हे मला लख्ख दिसत होतं. मी म्हटलं, वहिनी, ते पोतं फेका, मी पेटी करते.

साजाच्या पेटीला लावतात ती गडद लाल मखमल काढली. प्रत्येक लहान कॅसेटचं माप घेऊन तिला घट्ट बसेल असा खण केला. मधे दोनदा जाऊन दादाला विचारलंही. "लाल मखमल लावू न्हवं?" "व्हय." "कडी पितळीच बरी?" "व्हय." "माप बरोबर हाय का बघ." "व्हय की." व्हयला कधीमधी चिकटून येणाऱ्या त्या 'की'वर मी भाळले. बघा वहिनी, किती मनापासून म्हणाला, असं मी वर त्यांनाच सुनावलं. सगळ्यांना तो उगाच व्हय म्हणतो, मला मात्र खरं व्हय म्हणतो, असं मला वाटत होतं. बहिणींना असं काहीही वाटू शकतं.

पेटी देऊन आठवडा झाला असेल नसेल, वहिनींचा फोन आला. "वन्सं, रागावू नका. पेटी लई देखणी हाय. पन त्यातनं कॅसेट निघंना झाल्यात."

मी तशीच गेले. दादाने माझ्यासमोर करून दाखवलं. अंगठ्याने कडी उचलायला गेला की पेटी टेबलावरून पुढे सरकायची, कारण धरायला दुसरा हात नाही. शेवटी त्याने ती छातीशी दाबून उघडली. आतली कॅसेट ओढली तर कॅसेटसकट पेटीच उचलली गेली आणि मग दाणकन खाली आपटली. उपडी झालेल्या पेटीतून एकही कॅसेट बाहेर पडली नाही. सासऱ्यांनी बघितलं असतं तर पाठ थोपटली असती.

वहिनींनी एक कॅसेट काढून सेटला लावली. पडद्यावर नुसत्या रेघा नाचायला लागल्या. कॅसेट काढून तिच्या तोंडात त्यांनी फुंकर मारली, तेव्हा बारीक लाल लव उडून त्यांच्या साडीवर बसली. माझ्या मखमलीची लव. दर वेळी कॅसेट आत-बाहेर करताना ती सोनेरी पट्ट्यांवर चिकटत होती. सोन्याला मखमल लागते, हे मला पाठ होतं. या सोन्याला मखमल चालत नाही, हे मला कोण सांगणार?

माझा पारा चढला. "मग इचारलं तवा व्हय कशाला म्हणलास?"

दादा माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "व्हय."

"वन्सं," वहिनी हळूच म्हणाल्या, "ह्यास्नी दुसरं काय म्हणता येतंय तर?"

कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. न्हाव्याला मी घरी येऊन इतकी नावं ठेवली होती, आणि मी काय वेगळं केलं होतं? मला हवा तो प्रश्न विचारला होता आणि मला हवं ते उत्तर घेऊन घरी गेले होते. मी पेटी उचलली, वहिनींनी केलेला चहा तसाच ठेवला आणि निघाले. रिक्षात पेटी मांडीवर होती आणि ती फेकून द्यावी असं वाटत होतं, पण त्याचबरोबर हेही पक्कं ठरत होतं की आता ही पेटी झाल्याशिवाय मी थांबणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी उजवा हात ओढणीने कमरेशी बांधला आणि माझी पेटी पुढ्यात घेतली. नवरा आत डोकावला आणि "आता हे काय नवीन?" म्हणून हसत उभा राहिला. त्याला म्हटलं, हसायचं असेल तर बाहेर जाऊन हस. इतकी वर्षं त्या पितळी कड्या लावल्या, पण कडी उघडताना दुसऱ्या हाताने पेटी धरलेली असते हे कधी ध्यानातच आलं नव्हतं. मी दात लावले, कोपर लावलं, भिंतीला पेटी टेकवली. शेवटी घाम पुसायला सवयीने उजवा हात उचलायला गेले, तर तो बांधलेला. पक्कड घेतली आणि सगळ्यात आधी ती कडी उपटून काढली.

मग मी दादाकडे रोज जायला लागले, आणि एक नियम स्वतःला घालून घेतला: विचारायचं नाही, बघायचं. माझ्यासारख्या बडबड्या बाईला हे किती जड गेलं ते वहिनींना विचारा. काहीही नवं केलं की दोन तऱ्हेचं करून न्यायचं, टेबलावर शेजारी शेजारी ठेवायचं आणि तोंड मिटून बसायचं. त्याचा हात कुठे जातो, कुठे अडतो, कुठून परत फिरतो, एवढंच बघायचं. ओठांवर आलेला प्रश्न मी चहाच्या घोटाबरोबर गिळायचे. तोंड व्हय म्हणत असलं तरी हात कधी उगाच व्हय म्हणायचा नाही. नको असलेल्या गोष्टीवर तो जायचाच नाही.

त्या हाताने मला बरंच काही शिकवलं. उभ्या खणापेक्षा मागे तिरका खण त्याला बरा पडायचा. वाण्याच्या दुकानात बरण्या कशा तिरक्या असतात, तशा कॅसेट बसवल्या. पुढची भिंत उतरवून निम्मी केली, म्हणजे कॅसेटचा वरचा अर्धा भाग उघडा राहतो आणि चार बोटं मागे, अंगठा पुढे अशी पकड बसते. परत ठेवताना डाव्या हाताला सवय नसल्यामुळे नेम चुकायचा, म्हणून खणाचं तोंड रुंद आणि तळ अरुंद केला. कशीही टेकवली तरी कॅसेट घसरून आपल्या जागी जाते. पेटी सरकू नये म्हणून चपलांचे तळ करणाऱ्याकडून रबर आणलं आणि खाली चिकटवलं. झाकणाला पुढे लाकडाचा जाड ओठ ठेवला. त्याखाली तळवा घालून वर ढकललं की झाकण उघडतं आणि तिथेच थांबतं.

मखमल लावली नाही. घासून घासून गुळगुळीत केलेलं लाकूड आणि त्यावर मेणाचा हात, बस्स. पहिल्यांदा ती तशी टेबलावर ठेवली तेव्हा मला लाज वाटली, खरंच सांगते. त्यात आणखी, कॅसेट सैल बसत असल्यामुळे पेटी हलवली की खुळखुळायची. खुळखुळणारी नागडी पेटी! सासरे हयात असते तर मी ती पलंगाखाली लपवली असती. एक सराफ लग्नसराईच्या पेट्यांसाठी सारखा फोन करत होता, त्याला मी आज देते, उद्या देते करत तंगवत ठेवलं होतं. नवरा म्हणाला, धंदा बुडवणार आहेस काय? मी म्हटलं, बुडाला तर परत उभा करीन, मला पुठ्ठा कापता येतो आता.

पुरी झालेली पेटी घेऊन गेले त्या दुपारी मीच सगळ्या कॅसेट रंगाने लावून ठेवल्या होत्या. पिवळ्या एका रांगेत, काळ्या एका, करड्या एका. चांगल्या दिसत होत्या. दादा येऊन बसला. ओठाखाली तळवा घालून त्याने झाकण वर ढकललं, ते उघडलं. एक कॅसेट काढली, मांडीवर ठेवली. दुसरी काढली. तिसरी. मला वाटलं, आता गेम लावेल. पण त्याने एकेक करत सगळी पेटी रिकामी केली आणि मग एकेक परत ठेवायला घेतली, त्याच्या क्रमाने. कशावरचे कागद निघाले होते, कशावर नाव नव्हतं. तो बोटाने कडा चाचपायचा, खालचं तोंड बघायचा आणि नेमकी जागा शोधायचा. एक खाली पडली. वहिनी पुढे झाल्या, तर मी त्यांचा पदर धरून मागे ओढलं. दादा खुर्चीतून घसरत खाली वाकला, कॅसेट उचलली, धापा टाकत परत बसला आणि ती तिच्या खणात सोडली. ऊन खिडकीतून पार समोरच्या भिंतीवर गेलं तेव्हा कुठे त्याचं काम झालं. माझी रंगांची रांग पार मोडली होती. दुकानात त्या जशा लागलेल्या असायच्या तशा त्या लागल्या होत्या, असं वहिनी म्हणाल्या.

पोत्यात आता फक्त मशीनच्या मोठ्या कॅसेट उरल्या होत्या. त्यांच्यासाठी मी खण केलेच नव्हते. मशीन केव्हाच गेल्या, त्या लावणार कशात? मी पोतं उचललं. सवयीने नियम मोडला गेला आणि तोंडातून निघून गेलं, "दादा, ह्या भंगारात देऊन टाकू?"

त्याचं तोंड उघडलं. ओठ एका बाजूला ओढले गेले, मान ताठ झाली, डावी मूठ खुर्चीच्या हातावर आवळली. मला वाटलं, त्याला पुन्हा काही होतंय, आणि मी पोतं टाकून धावले.

"न्हा," तो म्हणाला. मग श्वास घेतला. "न्हाय."

मी पोतं परत आणून दादाच्या पायाशी ठेवलं आणि त्या मोठ्या कॅसेटवर हात फिरवत बसले.

पुढच्या दिवसांत त्या शब्दाने घराला जेरीस आणलं. दुधीची भाजी? न्हाय. व्यायाम? न्हाय. स्वेटर घाला, गार हाय. न्हाय. न्हावी आला आणि दारातूनच त्याला न्हाय ऐकून परत जावं लागलं. वहिनी मला फोनवर सांगायच्या, "वन्सं, दोन वर्षांचं साठवून ठेवल्यालं सगळं माझ्याच पदरात टाकायला लागल्यात," आणि सांगताना हसू दाबायच्या. रोज दुपारी मात्र तो पेटी उघडायचा, कॅसेट निवडायचा, लावायचा, जॉयस्टिक मांडीवर ठेवून एका हाताने जमेल तेवढं खेळायचा आणि सारखा हरायचा. मोठ्या कॅसेटसाठीही मी पेटी केली. त्यांच्यासाठी झाकणाच्या आत मखमल लावू का, असं एकदा विचारून बघितलं. न्हाय.

ती दुसरी पेटी देऊन झाली आणि माझं तिथलं काम संपलं. सराफाच्या पेट्या वाट बघत होत्या. दादा टीव्हीसमोर होता. मी पायात चपला घातल्या, नेहमीसारखं "येतो रं दादा" म्हणायला तोंड उघडलं, आणि एकाएकी भीती वाटली. इतके दिवस मी रोज येत होते, त्याच्यासमोर तासन्‌तास बसत होते, ते त्याला आवडत होतं की तो निमूट सोसत होता, हे मला कधी कळलंच नव्हतं. त्याच्या व्हयमध्ये दोन्ही मावत होतं. आता त्याला नको म्हणता येत होतं. न विचारता सटकावं, असंही मनात आलं. पण मी विचारलं.

"दादा, उद्या येऊ काय?"

त्याने जॉयस्टिक बाजूला ठेवली आणि माझ्याकडे वळून बघितलं. त्याच्या तोंडाची ती ओढाताण सुरू झाली. मी दाराची चौकट धरून उभी राहिले आणि काहीही आलं तरी वाईट वाटून घ्यायचं नाही असं स्वतःला बजावलं.

"व्हय," तो म्हणाला.